दम तुटेपर्यंत

मारेगावात आज कुणी ‘औषध घेतलं’ म्हणालं, की ऐकणारा लगेच विचारतो, ‘दुकानातून घेतलं का तोंडातून?’ ही खोड गावाला लागली ती डॉक्टर अवधूतमुळे. त्यासाठी त्याला भर सभेत एक माणूस आडवा पाडावा लागला आणि फौजेतली बढती घालवावी लागली. लोक म्हणतात, एवढा शिकलेला माणूस, पण डूख धरला तर नागालाही मागं टाकेल. खरंच आहे ते, आणि त्याबद्दल त्याची बाजू सावरून घ्यायचा माझा मुळीच विचार नाही.

अवधूत मूळचा बाभुळगावचा. वडील कमलाकरराव तहसील कचेरीत अव्वल कारकून. त्यांची मारेगावला बदली झाली तेव्हा पोरगं पाचवीत होतं. आई रत्नप्रभाबाईंचा तुपाचा हात सढळ, त्यामुळं पोर अंगानं थोराड आणि पायानं मंद झालेलं. शाळेच्या कबड्डीत त्याला कुणी आपल्याकडं घेईना. घेतलं ते धावजीनं. धावजी आडे शेजारच्या बंजारा तांड्यावरचा. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण त्याच्या हाताला लागलेला गडी मधली रेघ ओलांडून परत गेलाय असं कधी झालं नाही.

“चेहरा नको पाहू त्याचा,” धावजी शिकवायचा. “खांदे पन नको पाहू. कंबर पाह्य. मानूस तोंडानं खोटं बोलते, डोयानं बोलते, कंबर नाही बोलत. अन् एकदा घोटा हातात आला, का दम तुटेपर्यंत सोडाचा नाही.”

दहावीनंतर धावजी मजुरीला लागला आणि अवधूत पुढं शिकत शिकत पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन पडला. तिथं त्यानं रग्बी नावाचा खेळ पहिल्यांदा पाहिला. लांबुळका चेंडू बघून त्याला वाटलं, हा कुणाच्या तरी गाडीखाली सापडला असावा. पहिल्याच दिवशी एक धिप्पाड सिनियर चेंडू काखेत घेऊन त्याच्या अंगावर धावून आला. अवधूतनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही. कंबर कुठं वळते ते पाहिलं, खाली झेपावला आणि घोटा धरला. सिनियर ताडकन आडवा. शिकवणाऱ्यानं विचारलं, हे कुठं शिकलास? अवधूत म्हणाला, मारेगावला.

एकच अडचण होती. रग्बीत पाडलेल्या गड्याला लगेच सोडावं लागतं, तसा नियमच आहे. अवधूतचे हात सुटायचे नाहीत. पंच शिट्टी फुंकून फुंकून थकायचा आणि दंड व्हायचा. पुढं तो भारताच्या संघातून अकरा सामने खेळला, त्या अकराही सामन्यांत ह्या एका गुन्ह्यासाठी त्याला शिट्टी मिळाली. हाताला लागलेलं वळण डोक्याला विचारून जात नाही.

भारताकडून खेळून आला तेव्हा मारेगावात सत्कार झाला. शाल, नारळ, हार, सगळं यथासांग. अध्यक्ष होते नानाजी ढुमणे, चाळीस एकरांचे धनी आणि तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या कृषी केंद्राचे मालक. खते, बियाणे आणि फवारणीची औषधे. नानाजींनी भाषणात सांगितलं, “आपल्या गावचा हा सुपुत्र रब्बी खेळामध्ये देशाकडून खेळला.” मागून कुणीतरी विचारलं, मग खरिपात काय करते? सभा हसली आणि सगळ्यात मोठ्यानं हसला तो धावजी.

त्याच संध्याकाळी अवधूतनं पहिल्या सामन्याची जर्सी धावजीच्या अंगावर घातली. निळी, पांढऱ्या कॉलरची, पाठीवर सात आकडा. तेव्हाच्या जर्सी जाड सुताच्या असत, ओढल्या तरी फाटायच्या नाहीत अशा. धावजी नको नको म्हणत राहिला आणि अंगातून काढेना. ती तो वर्षातून एकदा पोळ्याला घालायचा. बायको रुपीबाईला विचारायचा, “इंडिया घालू का आज?” तांड्यावर त्या सदऱ्याचं नावच इंडिया पडलं होतं.

पुढं अवधूतचा गुडघा गेला आणि खेळ संपला. उरला तो फौजी डॉक्टर. काश्मीर, ईशान्येकडचे डोंगर, परत पुणे असं फिरत फिरत तो लेफ्टनंट कर्नल झाला. शेवटी त्याच्याकडं एक शिकवण्याचं काम आलं: शत्रूनं विषारी रसायन सोडलं तर जवान कसा वाचवायचा. ही रसायनं आणि पिकावर मारायची कित्येक औषधं एकाच खानदानातली. कातडीतून शिरतात आणि छाती पाण्यानं भरून माणसाचा दम तोडतात. अवधूत पोरांकडून एकच वाक्य घोकून घ्यायचा. आधी कपडे, मग नाव. म्हणजे असा माणूस समोर आला की तू कोण, कुठला हे विचारायच्या आधी अंगावरचे कपडे उतरव आणि साबणानं धुऊन काढ. शेकडो जवानांनी हे वाक्य पाठ केलं. मारेगावात ते कुणालाच माहीत नव्हतं.

धावजीचा आणि त्याचा संबंध मिस्ड कॉलवर टिकून होता. धावजी रिंग देऊन ठेवून द्यायचा, अवधूत सवडीनं उलटा फोन लावायचा. दोन हजार सतराच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी असाच एक मिस्ड कॉल आला. त्या वेळी अवधूत फळ्यासमोर उभा राहून आधी कपडे, मग नाव हेच शिकवत होता. संध्याकाळी त्यानं फोन लावला तेव्हा धावजीचा फोन बंद होता.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणाऱ्याचे हात वर आणि औषध खाली त्याच्याच अंगावर. जिल्हाभर माणसं फवारता फवारता पडत होती. धावजी नानाजींच्या वावरात रोजानं फवारायला गेला होता. नानाजींनी आपल्या हातानं ड्रममध्ये तीन बाटल्या ओतल्या. त्यातल्या एकीवर चिठ्ठीसुद्धा नव्हती. धावजीनं अंगात इंडिया घातली होती. पंधरा वर्षांत ती विटून कामाचा सदरा झाली होती, आणि त्याचा हिशेब असा की कापड जाड आहे, औषध अंगाला लागणार नाही. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळत होतं. जाड सुतानं ते सगळं पिऊन घेतलं आणि पाठीला लावून धरलं.

अकराच्या सुमाराला त्याला अंधारी आली, तोंडाला फेस आला. फोन करायचं बळ असेतो त्यानं एक रिंग दिली. नानाजींनी त्याला आपल्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, रुपीबाई मागं बसली होती. दवाखान्यात त्या दिवशी एकेका खाटेवर दोन दोन माणसं होती. केसपेपर लिहिणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, काय झालं? रुपीबाई धावजीच्या तोंडाचा फेस पुसत होती. नानाजी म्हणाले, “औषध घेतलं.”

लिहिणाऱ्यानं लिहिलं, ‘विषारी औषध प्राशन केले.’ आपल्याकडं औषध घेतलं म्हणजे दुसरं काय असतं? नाकातून नळी घातली आणि पोट दोनदा धुतलं. पोटात काही नव्हतंच. विष होतं ते पाठीवरच्या सदऱ्यात, आणि तो ओला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी धावजी गेला.

निरोप मिळून अवधूत पोचला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. रुपीबाईनं एक प्लास्टिकची पिशवी त्याच्यापुढं ठेवली. तिचं तोंड तिनं सुतळीनं घट्ट बांधलं होतं.

“भाऊ, ही तुमची वस्तू. दवाखान्यातल्या बाईनं काढून देल्ली. मले धुवाची हिंमत नाही झाली.”

सुतळी सैल केल्याबरोबर वास आला. सात आकड्यावर हातभर डाग होता, पाठीच्या मापाचा. दवाखान्यात नानाजी काय बोलले तेही रुपीबाईनं सांगितलं, आणि अवधूतला सगळं एका क्षणात कळलं. आपण दिलेल्या सदऱ्यानं आपला दोस्त मेला, आणि एक वाक्य खरं बोललं गेलं असतं तर वाचलाही असता. त्यानं पिशवी पुन्हा बांधली. दुःख नंतर आलं. आधी आला तो संताप, कोरडा आणि थंड.

खरी चीड पुढंच होती. नानाजींनी गावात सांगितलं, नवराबायकोचं भांडण झालं, म्हणून धावजीनं औषध घेतलं. झालं. तांड्यावरच्या बाया रुपीबाईला पाहून गप्प व्हायला लागल्या. सासू जमनी तिच्या हातचं पाणी घेईना. नवरा गेला तो गेला, वर नवऱ्याला खाल्ल्याचा शिक्का बसला.

“मले सरकारचं काही नको,” रुपीबाई म्हणाली. “त्यानं पिलं नाही. एवढं नानाजीच्या तोंडातून तांड्यानं आयकलं पाह्यजे. बस.”

अवधूत दुकानात गेला. नानाजींनी खुर्ची दिली, चहा मागवला.

“बाबू, मी काय खोटं बोललो?” ते म्हणाले. “औषध घेतलंच ना त्यानं? मह्या हातून घेतलं, फवाराले घेतलं. लिवनाऱ्यानं पिलं म्हनून लिवलं, त्याले मी काय करू?”

“मग आता सांगा, पिलं नाही म्हणून.”

“आता कायले? कागद होऊन गेला.” नानाजींनी बशीत चहा ओतला. “अन् तू डाक्टर मानूस, तूच सांग, कातडी काय औषध पिते का?”

हा माणूस अडाणी नव्हता. बाटलीच्या पाठीवर काय लिहिलेलं असतं ते तो वीस वर्षं वाचत होता. अवधूतनं चहाला हात लावला नाही. त्यानं नानाजींच्या चेहऱ्याकडंही पाहिलं नाही. खुर्चीत त्यांची कंबर दाराच्या बाजूला वळली होती, तेवढं त्यानं पाहून ठेवलं.

घरी आल्यावर कमलाकररावांनी चष्मा लावून केसपेपरची नक्कल दोनदा वाचली. चौतीस वर्षं कचेरीत घालवलेला माणूस तो. म्हणाले, “कागदावर चढलेलं ब्रह्मदेवाला खोडता येत नाही. पण कागदावर कागद चढवता येतो. त्यानं चारचौघांत कबूल केलं, तलाठी आणि पोलीस हजर असले, तर पुरवणी जबाब होतो. एकट्यात कबूल केलेलं वाऱ्यावर जातं.”

“चारचौघांत तो कबूल करेल काय?”

“ते मला काय विचारतोस? घोटे धरायचं काम तुझं.”

महिन्याभरात संधी चालून आली. जिल्ह्यात एवढी माणसं मेल्यावर सरकारला जाग आली आणि तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे मारेगावातच, ‘सुरक्षित फवारणी’ या विषयावर सभा ठरली. मिलिटरीतले डॉक्टर गावचेच म्हणून भाषणाला अवधूत, आणि विक्रेत्यांतर्फे मंचावर नानाजी. अवधूतनं रजा वाढवून घेतली. सभेच्या दिवशी त्यानं दोन बादल्या पाणी भरलं, साबणाच्या चार वड्या, टॉवेल आणि विषावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनची पेटी घेतली.

रत्नप्रभाबाई दारात उभ्या होत्या. “भाषनाले चालला का कोनाले आंघोय घालाले?”

“दोन्हीले, आई.”

सभेला तीनेकशे माणूस होतं. तांडाही आला होता. रुपीबाई कडेला एकटी बसली होती, जमनी तिच्यापासून चार हात दूर. तलाठी, पोलीस हवालदार, कृषी खात्याची माणसं पुढच्या खुर्च्यांवर. नानाजी आधी बोलले. औषधं चांगलीच असतात, वापरणाऱ्यानं डोकं वापरावं, आणि कुणी घरच्या कटकटीपायी बाटली तोंडाला लावली तर दुकानदारानं काय करावं? बोलून त्यांनी घाम पुसला.

अवधूत उठला. हातात रबरी मोजे चढवले, पिशवी सोडली आणि जर्सी काढून दोन्ही हातांनी धरली. वासानं पुढच्या रांगेतली माणसं मागं सरली.

“ही धावजीची,” तो म्हणाला. “त्या आधी माझी होती. नानाजी म्हणतात, कातडी औषध पीत नाही, धावजीनं तोंडानं घेतलं. त्यांचं खरं असेल तर हा नुसता मळका सदरा आहे. नानाजी, पाव घंटा घालून बसा. मी इथंच आहे. तुम्हाला काही झालं नाही, तर मी सगळ्यांसमोर तुमचे पाय धरीन.”

नानाजी हसले. म्हणाले, लेकरा, शुद्धीवर ये. पण ते उठले होते, आणि त्यांची कंबर मंचाच्या पायऱ्यांकडं वळली होती. धावजीचा शब्द खोटा ठरला नाही. नानाजी पळाले, आणि एकोणचाळीस वर्षांचा, एका गुडघ्याचा अवधूत दोन ढांगांत खाली झेपावला. घोटा हातात आला. नानाजी मंचावर पालथे, आणि अवधूतच्या दुसऱ्या हातातली जर्सी त्यांच्या मानेवर.

“काढा,” नानाजी ओरडले. “काढा ते, अंगात जाते ते.”

“कशातून जाते?”

“कातडीतून जाते. काढ बाप्पा, मरन मी.”

“धावजीनं काय केलं होतं?”

“पिलं नाही त्यानं. अंगावर सांडलं होतं. मले माहीत होतं, मले माहीत होतं.”

झालं होतं. हवालदार उभा राहिला होता, तलाठ्याच्या हातात पेन होतं. जर्सी तेव्हाच उचलायला हवी होती. अवधूतनं उचलली नाही. त्यानं नानाजींचे पाच श्वास मोजले, एकेक करून. डॉक्टर म्हणून हे त्याला शोभलं नाही. पण त्याचा पश्चात्ताप त्याला आजवर झालेला नाही, आणि तो तसं लपवतही नाही. सबंध आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शिट्टी फुंकायला पंच नव्हता.

मग त्यानं जर्सी बाजूला टाकली, नानाजींचा सदरा उतरवला आणि तीनशे माणसांसमोर त्यांची मान, पाठ साबणानं धुतली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. धुता धुता तो लोकांना सांगत होता, आधी कपडे, मग साबण, मग दवाखाना, आणि दवाखान्यात पूर्ण वाक्य बोला. धावजीला एवढंच मिळायला पाहिजे होतं. नानाजींच्या अंगावर साधा फोडही आला नाही. ते उघड्या अंगानं फेसात बसून रडत होते.

पुरवणी जबाबाची भाषा कमलाकररावांनी सांगितली: ‘विषारी औषध प्राशन केले नसून, फवारणी करताना ते अंगावर सांडल्याने.’ हा कागद त्या कागदावर चढला. त्या संध्याकाळी तांड्यावर जमनीनं सुनेकडं पाणी मागितलं. रुपीबाईनं तांब्या दिला आणि मग घरामागं जाऊन पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

नानाजींचं लायसन्स सहा महिने गेलं आणि परत आलं, असली लायसन्सं परत येतातच. पण दुकानात गिऱ्हाईक वेगळं बोलायला लागलं. “नानाजी, दोन लिटर जहर द्या.” फवारणीच्या विषाला औषध म्हणायचं लोकांनी टाकलं ते टाकलंच. इकडं मारहाणीची तक्रार फौजेत पोचली, चौकशी बसली. अवधूतनं लिहून दिलं की आरोप खरा आहे. बढतीच्या यादीत नाव आलं नाही. वीस वर्षं भरल्यावर तो फौज सोडून मारेगावात आला आणि दवाखाना टाकला. दाराशी रुपीबाईला बसवली. आत सोडण्याआधी ती प्रत्येकाला विचारते, काय झालं, आणि अर्धं वाक्य चालवून घेत नाही.

गेल्या पावसाळ्यात नानाजी आले. बरेच थकले होते. दुसरा डॉक्टर गावाला गेला होता म्हणून यावं लागलं.

“काय झालं?” रुपीबाईनं विचारलं.

“औषध घ्याचं होतं.”

बाकावरची सगळी माणसं त्यांच्याकडं बघायला लागली.

“पूर्न सांगा,” रुपीबाई म्हणाली.

नानाजींनी खाली पाहिलं. “बीपीची गोयी. तोंडानं घ्याची.”

“हां. बसा आता.”

त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. अवधूतनं दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा लिहिला, गोळी लिहून दिली. काही कमी केलं नाही, जास्तही केलं नाही. नानाजी उठता उठता थांबले.

“डाक्टर, चार वर्षं झाली. आता तरी सोड ना बाप्पा.”

“धावजीनं मला धरायचं शिकवलं होतं, नानाजी,” अवधूत पट्टा गुंडाळत म्हणाला. “सोडायचं शिकवायला तो राहिला नाही. पुढच्या महिन्यात या. दारावर पूर्ण सांगा.”